मदत हवी आहे: बाल्साचं इनडोअर विमान ६८ ग्रॅम भरलं, हॉलमध्ये वळतच नाही

तापीकर, चोपडा:

राम राम मंडळी,

आधी प्रश्न सांगून टाकतो नाहीतर मला पाल्हाळ लावायची सवय आहे. हॉलच्या आत उडवायला म्हणून बाल्साचं (अगदी हलकं लाकूड असतं ते) छोटं रिमोटचं विमान केलंय. पंख ६० सेंटिमीटर लांब, १३ सेंटिमीटर रुंद, रडर (शेपटीची उभी पाती, डावी-उजवीकडे वळवायला), एलिव्हेटर (आडवी पाती, वर-खाली करायला) आणि मोटर असं तीन चॅनेलचं. ठरवलं होतं ४० ग्रॅमचं, भरलं ६८. उडतं, पण वळेवळेपर्यंत भिंत येते. आणि हळू करायला गेलं की डावा पंख टपकन खाली. काय काय बदलू?

आता पाल्हाळ. भाचा आठवीत आहे, मे महिन्यात सुट्टीला आला होता. त्याच्याकडे आधी फोमचं तयार विमान होतं ते इथल्या वाऱ्यात जे केळीच्या बागेत शिरलं ते अजून सापडलं नाही, बागवाल्यानं घड उतरवले तरी नाही. मग म्हटलं बाहेर ४४ डिग्रीत डोकं तापवून घेण्यापेक्षा आतच उडवू. माझ्या साडूचं मंगल कार्यालय आहे, हॉल ६० फूट बाय ४० फूट, आणि एकदा चातुर्मास लागला की तिथीच नाही, हॉल रिकामा. पंखे बंद ठेवायचे आणि खुर्च्या एका बाजूला लावायच्या एवढीच अट. तर मे महिन्यात बनवायला घेतलं, पावसाळ्यात उडवायचं असा बेत.

बाल्सा ऑनलाइन मागवला, दीड मिमीच्या पाच शीट, १० सेंटिमीटर बाय १ मीटर. तेव्हा अक्कल नव्हती म्हणून जी हातात आली ती शीट कापली. सगळं झाल्यावर आमच्या सराफाकडे नेलं, त्याच्या काट्यावर पॉइंटमध्ये वजन येतं. तो म्हणे मामा आज काय मोडायला आणलं. विमान ठेवलं तर ६८. मला वाटलं काटा चुकला असेल, परत ठेवलं, परत ६८. मग घरी येऊन सगळं सुटं करून एकेक मोजलं ते असं: सर्व्हो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) दोन, ते निळे ९ ग्रॅमवाले, वायर-स्क्रूसकट २१ ग्रॅम. लाकूड सगळं मिळून २० (त्यात नुसती शेपटीच ६). पंखावर चढवलेला कागद आणि लॅकर ५. मोटर ८५२० कोअरलेस, पंख्यासकट ६. रिसीव्हर ४, त्यातच मोटरचा स्पीड कंट्रोल आहे. बॅटरी एक सेल ३०० एमएएच, ८ ग्रॅम. आणि मागं जड झालं म्हणून नाकात ४ ग्रॅम शिसं.

खरं सांगायचं तर मला अजून पटत नाहीये की २८ ग्रॅमनं एवढा फरक पडतो. २८ ग्रॅम म्हणजे काय हो, दोन पेढे! पण उडवताना बघितलं तर पडतोय. फेकलं की सुसाट जातं, हॉलच्या मध्यात वळायला घेतलं तर समोरच्या स्टेजच्या पडद्यात. पडदा आहे म्हणून वाचलं. मोटर बंद ठेवून हातानं सोडलं तर सरळ जाऊन हलकं उजवीकडे वळतं, आणि मोटरवर हळू करायला गेलो की डावीकडे पडतं. हे उलटसुलट का होतं तेच कळेना. सीजी (विमानाचा तोल साधतो ती जागा) पंखाच्या पुढच्या कडेपासून ४ सेंटिमीटरवर आहे. पंखाची टोकं मधल्या भागापेक्षा ३ सेंटिमीटर वर उचललेली आहेत.

भाचा आता शाळा असल्यामुळे रविवारी रविवारी येतो आणि दर वेळी विचारतो मामा झालं का.

पांझराकाठ, धुळे:

हाई इमान शे का बैलगाडी भाऊ! गंमत करतोय, राग मानू नका, पहिलं सगळ्यांचं असंच होतं, माझं तर ९० भरलं होतं.

दोन पेढ्यांचा हिशोब सांगतो. विमान हवेत राहायला जो कमीत कमी वेग लागतो त्याचा वर्ग वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि वळणाचा घेरही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे पंख तोच ठेवला आणि तेवढंच तिरकं केलं तर घेर सरळ वजनाच्या प्रमाणात. तुमच्या पंखाचं क्षेत्रफळ ७.८ चौरस डेसिमीटर, त्यावर ६८ ग्रॅम म्हणजे चौरस डेसिमीटरला ८.७ ग्रॅम. ढोबळ हिशोबानं हे ताशी १५-१६ किमीच्या खाली उडणारच नाही, आणि कडेलोटावर कोणी उडवत नाही, थोडं राखून उडवलं तर ताशी १९-२० किमी. ३० डिग्री तिरकं करून वळलात तर गोल पडतो साधारण ३४ फुटाचा. हॉल तुमचा ४० फूट रुंद, त्यात खांब असतील, कडेला खुर्च्या. मग राहिलं काय? तेच विमान ४२ ग्रॅमचं केलंत तर गोल २१ फुटाचा. एवढाच फरक आहे, पण हॉलमध्ये तोच सगळा खेळ आहे.

पहिले ते निळे सर्व्हो काढा. ते ४.८ व्होल्टला चालायला केलेले आहेत, एका सेलच्या ३.७ वर तसेही सुस्त चालतात. १.७ ग्रॅमवाले मिळतात, दोन मिळून साडेतीन. एका फटक्यात साडेसतरा ग्रॅम गेले. फक्त त्यांचा प्लग बारीक असतो, रिसीव्हरला तोच बसतो का बघून मागवा, नाहीतर वायर कापून सोल्डर करत बसाल.

लोकोशेड, भुसावळ:

वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं, मी शेपटीबद्दल सांगतो कारण खरी चोरी तिथे आहे. तुम्ही शेपटी अख्ख्या शीटमधून कापली ना? ६ ग्रॅम म्हटल्यावर तसंच असणार. शेपटी सीजीपासून समजा ३० सेंटिमीटर मागं आणि तुमचं शिसं ८ सेंटिमीटर पुढं. म्हणजे मागच्या एका ग्रॅमला पुढं जवळपास पावणेचार ग्रॅम. काड्यांची शेपटी करा, बाहेर चौकट आणि आत दोन-तीन तिरप्या काड्या, वर कागद, अडीच ग्रॅममध्ये बसते. मग ते ४ ग्रॅम शिसं सरळ काढून टाका, उरलेला तोल बॅटरी पुढंमागं सरकवून जमवा.

आणि शीट मोजून घेत जा भो. दीड मिमी बाय १० बाय १०० सेंटिमीटर म्हणजे १५० घन सेंटिमीटर. शीट १५-१६ ग्रॅम भरली तर उत्तम हलका बाल्सा, २० ठीक, ३० च्या आसपास असेल तर ती इनडोअरला नाही, पट्टी करून पोरांना द्या. एकाच पाकिटात दुप्पट फरक निघतो, झाडच तसं आहे. तसा बाल्सा आपल्या कपाशीच्याच खानदानातला, मालव्हेसी, फक्त वाढतो इक्वेडोरकडे.

बॅटरी १५० एमएएचची लावा, साडेचार ग्रॅममध्ये येते, किमान २५ सी वाली (क्षमतेच्या २५ पट करंट देणारी), नाहीतर ८५२० मोटर ओढेल तेवढा करंट ती देणार नाही. चार-पाच मिनिटं उडेल, हॉलमध्ये तेवढ्यात हात भरून येतात. चार्जर मात्र बघा, खेळण्यातल्या ड्रोनचे यूएसबी चार्जर अर्धा अँपिअर देतात आणि १५० एमएएचला १ सी म्हणजे ०.१५ अँपिअर फक्त. मी दोन सेल फुगवलेत असे.

तापीकर, चोपडा:

शीट मोजल्या उरलेल्या! एक १६, एक २४, एक २९. आणि शेपटी कापून उरलेला तुकडा तोच, २९ वाला. काय बोलू आता.

पण डाव्या पंखाचं काय? ते वजनानंच होतंय का?

पांझराकाठ, धुळे:

नाही, ते वेगळं दुखणं आहे. एक विचारतो, कागद लावल्यावर तो ताणून बसावा म्हणून पाणी मारलं का? आणि पाणी मारल्यावर पंख पाटावर टाचण्यांनी दाबून ठेवला होता का तसाच सोडला?

तापीकर, चोपडा:

पाणी मारलं, घडीच्या कपड्यांवर मारायच्या स्प्रेनं. पंख कूलरसमोर दोरीला टांगला होता वाळायला.

पांझराकाठ, धुळे:

झालं. कूलरची ओली हवा एका बाजूनं, कागद आकसतोय दुसऱ्या बाजूनं, आणि धरून ठेवायला काहीच नाही. पंखाला पीळ बसला. आता असं करा, विमान समोर धरून मागून डोळा लावून बघा. माझा अंदाज, डाव्या टोकाची मागची कड खाली वळलेली दिसेल. म्हणजे ते टोक हवेला जास्त कोनात लागतंय. वेगात असताना तोच पंख जास्त उचलतो म्हणून मोटर बंद असताना उजवीकडे जातं, आणि हळू झालं की जास्त कोनातला तोच पंख आधी सुटतो (त्याची उचल जाते) म्हणून डावीकडे पडतं. उलटसुलट नाही, एकच कारण आहे.

उपाय: चहाच्या भांड्यात पाणी उकळा, टोक वाफेवर धरा (हात सांभाळून), उलटा पीळ द्या आणि पाटावर टाचण्यांनी दाबून रात्रभर ठेवा. दोन्ही टोकांची मागची कड ३-४ मिमी वर राहील अशी पट्टी खाली घाला. मग टोकं सगळ्यात शेवटी सुटतात आणि पंख टपकन पडत नाही. वर लॅकरचा हात द्यायचा तर निम्मं थिनर घालून, आणि तोही पंख दाबलेला असतानाच. पावसाळ्यात कागद सैल दिसेल, दिसू द्या, परत पाणी मारू नका.

आणखी एक. टोकं ३ सेंटिमीटर उचललीत म्हणता, अर्धा पंख ३० सेंटिमीटर म्हणजे जेमतेम पावणेसहा डिग्री. आयलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, रडरवरच वळायचंय, तर ८ ते १० डिग्री पाहिजे. प्रत्येक टोक पावणेपाच सेंटिमीटर तरी वर घ्या. नाहीतर रडर दिल्यावर नाक फिरतं पण विमान तिरकं व्हायला वेळ लावतं. भिंत येते ती अर्धी त्यामुळे.

पिंपळपार, शिरपूर:

मध्येच बोलतो. एवढ्या भानगडी करण्यापेक्षा थर्माकोलच्या ताटांचं करा, पीळ नाही, वाफ नाही. दुसरं म्हणजे आमचे आबा भेंडाची बाशिंगं करायचे, ते भेंड बाल्सापेक्षा हलकं लागतं हाताला. कुणी करून बघितलं का?

लोकोशेड, भुसावळ:

भेंड हलकं आहे दादा पण ताठपणा नाही, वाकलं की वाकलंच. रिबच्या (पंखाच्या आतल्या फासळ्या) मधल्या जागेत भरायला, नाकाचा गोलवा करायला चालेल. थर्माकोलचं उडतं, कोण नाही म्हणतं, पण त्यांना भाच्यासोबत लाकडाचं करायचंय ना.

पुशरॉडला (सर्व्होपासून पातीपर्यंत जाणारी काडी) काय वापरलंय तापीकर? सायकलची तार वगैरे असेल तर तीही काढा. अगरबत्तीची बांबूची काडी तासून घ्या आणि दोन्ही टोकांना बारीक तारेचे आकडे दोऱ्यानं गुंडाळून चिकटवा. फेव्हिक्विक एकच थेंब. लोक थेंबानं वजन वाढवतात आणि मग लाकडाला शिव्या देतात.

तापीकर, चोपडा:

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, मध्ये दुकानाची कामं होती.

डाव्या टोकाची मागची कड ५ मिमी खाली निघाली! पांझराकाठ भाऊ तुम्ही धुळ्यात बसून कसं ओळखलं माहीत नाही. वाफेवर सरळ केला, बायको म्हणे इस्त्रीच फिरवा की, तिला हात लावू दिला नाही. पंख मधून कापून परत जोडला, टोकं आता पावणेपाच सेंटिमीटरवर. शेपटी १६ ग्रॅमवाल्या शीटच्या काड्यांची, दोन ग्रॅम ६०० मिलिग्रॅम. सर्व्हो बदलले, शिसं काढलं, बॅटरी छोटी. सराफाच्या काट्यावर ४३.२. तो पण आता विचारतो किती झालं.

रविवारी हॉलमध्ये नेलं. पहिल्या फेकीत नाक वर करून थांबल्यासारखं झालं आणि खाली बसलं, पण सरळ बसलं, पंख पडला नाही. बॅटरी एक सेंटिमीटर पुढं घेतली. दुसऱ्या वेळी पूर्ण गोल मारला, खांबाच्या अलीकडून. भाच्यानं रिमोट घेतला आणि सलग सहा गोल मारले, मला काही परत दिला नाही. सायकलीसारखं जातं आता, बाजूनं पळत पळत बघता येतं. साडूनं सगळं मोबाईलमध्ये घेतलं.

सातव्या गोलाला स्टेजच्या कमानीला लागलं. पंखाला काही नाही, पण रडरच्या सर्व्होचा गिअर गेला, दात तुटले. त्या १.७ वाल्यांचे गिअर सुटे मिळतात का, की अख्खा सर्व्होच घ्यावा लागतो? आणि धुळे-भुसावळकडचं कोणी पुढच्या आठवड्यात मागवणार असेल तर माझे दोन त्यातच टाका, एकट्यासाठी कुरिअरचा खर्च सर्व्होएवढाच होतोय.