बेवारस मृतदेह आणि डीएनएचा खर्च
वर एकांनी लिहिलंय की बेवारस बॉडीची ओळख पटवायला डीएनए टेस्टवर सरकारी पैसा कशाला, आधी जिवंत माणसांचं बघा. अहो पण मागे राहिलेले घरचे जिवंतच असतात ना? हरवलेल्याचा सात वर्षं पत्ता नसला तरच कायदा मृत धरतो, तोवर विमा, वारसनोंद सगळं अडकून.

आणि नुसती बॉडीची टेस्ट करून भागत नाही बरं का, जुळवायला घरच्यांचं सॅम्पल लागतं, म्हणजे मिसिंगची तक्रार घेतानाच आईवडिलांचं किंवा मुलांचं घ्यायला हवं आणि ते देशभर एकाच डेटाबेसमध्ये, नाहीतर बिहारमधून हरवलेला माणूस ठाण्याजवळ रुळावर सापडला तर जुळवणार कोण. बोस्नियात हेच केलं, घरच्यांचं रक्त गोळा करून स्रेब्रेनिकाच्या १९९५ च्या हत्याकांडातले जवळपास ७००० जण ओळखले, पैसा बऱ्याच सरकारांनी मिळून दिला.

आपल्याकडे २०१८ ला सुप्रीम कोर्टात सरकार म्हणालं डीएनएचा कायदा आणतो, २०१९ ला बिल लोकसभेत आलं, २०२३ ला मागे घेतलं. प्रायव्हसीचे आक्षेप होते, ते काही खोटे नव्हते, संशयित आरोपी आणि हरवलेले सगळे एकाच बिलात कोंबलेले. मग मिसिंगपुरता वेगळा छोटा कायदा करा की! तोवर निदान अंत्यसंस्काराआधी एखादा दात तरी नीट लेबल लावून जपून ठेवा, त्याला कितीसा खर्च येतोय.