फुकट दिलं की किंमत राहत नाही म्हणे!

सड्यावरची (चिपळूण): नको असलेल्या वस्तू एकमेकांना फुकट देण्याचा गावातल्या गावात एक गट करूया, असं मी काल आमच्या आळीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. एका काकांचं उत्तर आलं, "फुकट दिलेल्याची किंमत राहत नाही. भंगारवाल्याला घाला, चार पैसे तरी सुटतील." रात्रभर डोक्यात तेच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा शेगडीपासून पाटापर्यंत सगळं चिखलात गेलं. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी बाई कुकर देऊन गेल्या. घासून लखलखीत, आत जास्तीची रिंग, शिटी दोऱ्याने कानाला बांधलेली. आजही रोज त्यातच भात लावते. सांगा, किंमत राहत नाही?

खेर्डीकर: ताई, पूर आम्हीही पाहिलाय. एका शाळेच्या पडवीत मदतीचे कपडे उतरवायला मी होतो. बटणं तुटलेले शर्ट, विटलेल्या चादरी, एका पिशवीत नुसते एकेक मोजे. पावसात ढीग कुजला आणि शेवटी आम्हीच तो कचऱ्याच्या गाडीत भरला. फुकट म्हटलं की लोक कपाट रिकामं करतात. तुमच्या गटात हेच होणार.

बंदरवाडी (हर्णै): खेर्डीकरांना शंभर टक्के पाठिंबा. आमच्याकडे दर गणपतीला हेच. चाकरमानी येतात ते बसकी गादी, बंद मिक्सर, डबा टीव्ही घेऊन. "गावाला चालेल." माजघरात तीन टीव्ही आहेत, एकही लागत नाही. खाऱ्या हवेत पत्रा सुटतो, त्यात उंदीर. गाव म्हणजे तुमची अडगळीची खोली नव्हे!

परळवाला: हे मला लागलं. दहा बाय दहाच्या खोलीत राहून मी गावाला फ्रीज पाठवला, वहिनीने तो नऊ वर्षं वापरला. त्याबद्दल कोणी बोलत नाही. आणि घरपट्टी कोण भरतं?

बंदरवाडी: घरपट्टी भरता, मे महिन्यात शाकारणीला शिडीवर कोण चढतं? माझा नवरा दोन वर्षांपूर्वी पडला, हात मोडला. तेव्हा फोन आला, माणूस नाही आला.

परळवाला: रजा मागून मिळत नाही, वहिनी. तुम्हाला काय माहीत.

केळशीकर: भांडण घरी करा. शाकारणी निघालीच म्हणून सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमचं अर्धं छप्पर गेलं. कौलं दुकानात मिळेनात, मिळाली तर भाव ऐकून परत यायचं. पलीकडच्या वाडीत एकाने स्लॅब घातला होता, त्याची मंगलोरी कौलं गोठ्यामागे शेवाळ धरून पडलेली. हे कळलं कसं? दूधवाल्याकडून, पंधरा दिवसांनी! तोवर आम्ही ताडपत्रीखाली. त्या माणसाने पैसा घेतला नाही, फक्त टेम्पोचं भाडं आमचं. गट असता तर दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

सड्यावरची: हेच मी कालपासून सांगतेय. अमेरिकेत टूसान शहरात २००३ मध्ये 'फ्रीसायकल' सुरू झालं ते असंच, एका गावापुरतं. अट एवढीच, वस्तू फुकट हवी, कायद्यात बसणारी हवी आणि लहानथोर सगळ्यांना चालेल अशी हवी.

खेर्डीकर: अमेरिका राहू द्या. कौलांचं मानतो, कारण घेणाऱ्याने मागून नेली. फरक तिथेच आहे. कोणी मागितल्याशिवाय वस्तू घराबाहेर काढायची नाही. बंद असेल तर 'बंद' लिहायचं, फोटो टाकायचा, भाडं नेणाऱ्याचं. आणि कपडे अजिबात नकोत.

सड्यावरची: बाकी मान्य, कपड्यांचं नाही. धाकट्याचा गणवेश एका वर्षात आखूड होतो, तो काय जाळू?

खेर्डीकर: बरं, गणवेश चालेल. चादरी नाहीत.

बंदरवाडी: टीव्ही कोणी आणून टाकला तर मी गट सोडणार, आत्ताच सांगते.

सड्यावरची: माझ्यापासूनच सुरुवात. सागवानी पाळणा आहे, पुरातून वाचलेला. एक कडी गंजलीय, बदलावी लागेल. चिपळुणातून न्यावा लागेल.

बंदरवाडी: फोटो टाका. भाचीला सातवा लागलाय. कडी कुठली, वरची की पाळण्याची?