लाल छत्रीचं काय करू?

ओला कागद
जलरंगात काम करतो. सदाशिव पेठेत राहतो, पोटापाण्याला डिझाइनची नोकरी. मागे लक्ष्मी रोडचं एक चित्र केलं होतं: ओला रस्ता, दुकानांच्या दिव्यांची प्रतिबिंबं, मध्ये एक लाल छत्री. इन्स्टावर तुफान चाललं. लगेच 'असंच एक आम्हालाही' सुरू झालं. तेव्हापासून मंडई काढा, तुळशीबाग काढा, छत्री आलीच. आता तर पेन्सिलने आखतानाच तिच्यासाठी पांढरी जागा राखतो. (जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, त्यामुळे हे सगळं आधीच ठरवावं लागतं.) ब्रश भिजायच्या आत चित्र लोकांचं झालेलं असतं.

हल्ली जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरात जाऊन बसतो. तो गोल नंदीमंडप, बेसॉल्टचे जाड खांब, आत अंधार. निळा अल्ट्रामरीन आणि तपकिरी बर्न्ट सिएना कागदावरच एकमेकांत जाऊ दिले की अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. पण खांबाची सावलीकडची कड कुठे विरघळवायची आणि कुठे धारदार ठेवायची, ते अजून हाताला सापडत नाही. एक चित्र टाकलं, तर खाली विचारणा: "लाइट गेले होते का?" हसलो खरा, पण पुढच्या चित्रात खांबाशी नारिंगी साडीतली बाई बसवायचा मोह झालाच.

दाखवणं बंदच करावं का? की दाखवूनही हात आपल्या ताब्यात राहतो?

नारायणपेठी
छत्री विकली जाते ना? मग विका की. आर्चेसचा कागद काय पाताळेश्वर फुकट देणार आहे? ऑर्डरच्या चित्राचा भाव वाढवा आणि खांब विकायला काढूच नका. विषय संपला.

निवृत्त कलाशिक्षक
नारायणपेठी, हात एकच असतो हो. आठवडाभर छत्री गिरवल्यावर रविवारी दुसरा हात कुठून आणायचा?

चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे. 2001 साली गेले. 2013 मध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र 23.7 कोटींना गेलं. लोक हा आकडा 'बघा, शेवटी कदर झालीच' म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. लिलाव झाला म्हणून त्या चित्रातला रंगाचा एकही थर बदलला नाही, चांगला होता तो आधीपासूनच.

ओला कागद, तुम्ही लपवू मात्र नका. ज्याला कडा कळतात असा एक माणूस शोधा. आणि चित्र आरशात बघा. उलटं दिसलं की विषयाची भुरळ उतरते, टोन, म्हणजे गडद-फिकं, तेवढे उरतात.

तंबोरा
मी गाणारी आहे, चित्रातलं कळत नाही. आमच्या बाईंना सांगितलं, "मैफल छान झाली, टाळ्या पडल्या," की त्या विचारायच्या, "तानपुरा लागला होता का?" तानेला टाळ्या पडतात, लागलेल्या षड्जाला कोण देतं? बाई मात्र तिथेच मान डोलवायच्या. त्यामुळे सर, तुमचा 'एक माणूस' पटतो. पण त्याचीही सवय लागते. बाई गेल्यावर कितीतरी दिवस मला माझं गाणं बरं झालं की वाईट, हेच कळेना. शेवटी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायला लागले. फार कंटाळवाणं काम आहे ते.

ओला कागद
ताई, ही बाजू लक्षातच आली नव्हती.
सर, आरशात बघितलं. उजवा खांब चक्क हवेत तरंगतोय! तळाशी पुरेसा गडद टोनच नाही. लाइट गेल्याची कमेंट करणाऱ्याला हे सांगायला हवं, माझं चित्र हवं तेवढं काळंच नाहीये.
नारायणपेठी, भाव वाढवला. एक ऑर्डर रद्द झाली.
जाता जाता: दमट हवेने कागदाचं साइझिंग (पाणी लगेच शोषू नये म्हणून केलेली प्रक्रिया) गेलंय, पातळ रंगाचा वॉश टीपकागदावर पडावा तसा शोषला जातो. तुम्ही कागद कसे ठेवता?

नारायणपेठी
हवाबंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. गेलेला कागद फेकू नका, पेन्सिलच्या स्केचला चालतो.