शब्दचर्चा : ‘मँडरिन’ म्हणजे मंत्री, सरदार की सनदी अधिकारी?

प्रश्न
चीनच्या बादशाही काळावरच्या मजकुरात ‘मँडरिन’ हा शब्द सारखा येतो. मराठी भाषांतरांत त्याचं कुठे मंत्री होतं, कुठे सरदार, कुठे उमराव. नेमकं काय धरावं? आणि भाषेलाही तेच नाव कसं पडलं?

उत्तर
मुळात शब्द चिनी नाहीच. संस्कृत ‘मंत्रिन्’ मलय भाषेत ‘मंतरी’ झाला. १५११ साली पोर्तुगीजांनी मलाक्का घेतलं. हा शब्द त्यांच्या तोंडी बसला आणि ‘हुकूम करणे’ या अर्थाच्या त्यांच्या ‘मांदार’ क्रियापदाची छटा त्याला लागली. तरी ‘मंत्री’ लिहू नका. दरबारातला पहिल्या श्रेणीचा अमात्य आणि सातव्या श्रेणीचा जिल्हा न्यायाधीश, दोघेही मँडरिनच. सरदार-उमराव तर साफ चूक, कारण हे पद बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे.

चिनी शब्द ‘क्वान’. रोमन लिपीतला ‘जी’ बघून सर्रास ‘ग्वान’ लिहितात, पण तो ध्वनी अघोष आणि अल्पप्राण आहे, आपल्या ‘क’सारखा. क आणि ख वेगळे ऐकणाऱ्या मराठी कानाला हे सोपं जातं, तेव्हा इंग्रजी वळणाने लिहायची गरज नाही.

उत्तर
माझं मत ‘परीक्षेतून आलेला अधिकारी’. छिंग काळात, म्हणजे चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळात, आधी स्थानिक परीक्षा पास होऊन ‘शंग-युआन’ व्हायचं (बोलीत ‘श्यौ-त्साय’), मग तीन वर्षांतून एकदा प्रांतिक परीक्षा देऊन ‘च्यू-रन’, मग पेकिंगची परीक्षा आणि शेवटी राजवाड्यातली एक दिवसाची परीक्षा देऊन ‘चिन-श’. प्रांतिक परीक्षेच्या तीन फेऱ्या चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्यात ९, १२ आणि १५ तारखेला सुरू होत. उमेदवार एकेकट्या कोठडीत. भिंतीतल्या खाचांत दोन फळ्या : वरची लिहायला, खालची बसायला. रात्री दोन्ही खालच्या खाचांत सरकवल्या की झोपायची सोय. नानकिंगच्या परीक्षागृहात अशा वीस हजारांहून जास्त कोठड्या होत्या.

उमेदवार काळ्या शाईने लिही. नाव झाकून कारकून तीच उत्तरपत्रिका लाल शाईने नकलून काढत आणि परीक्षकाकडे ही नक्कल जाई, म्हणजे हस्ताक्षरावरून ओळख पटायला नको. लिखाण उत्तम असूनही माणूस बाद होई तो डाग पडल्यामुळे, बादशहाच्या नावातलं निषिद्ध अक्षर आल्यामुळे किंवा आदराचा शब्द नव्या ओळीत वर चढवून न लिहिल्यामुळे. ही पद्धत १९०५ मध्ये बंद झाली.

उत्तर
वर्णन बरोबर, पण व्याख्या तोकडी पडते. छिंग काळात पैसे भरून पदवी आणि पदही मिळे, आणि मांचू, म्हणजे छिंग राज्यकर्त्यांच्या जमातीतल्या, घराण्यांना वेगळ्या वाटा होत्या. ते सगळे मँडरिनच होते. म्हणून ‘सनदी अधिकारी’ हाच शब्द मला पटतो. पद बादशहाच्या नेमणुकीने येतं हे त्यात आहे आणि परीक्षेची अट नाही.

श्रेणी नऊ, प्रत्येकीचे दोन भाग, म्हणजे एकूण अठरा पायऱ्या. ती अंगरख्यावरच्या चौकोनी भरतकामावरून कळे. मुलकी अधिकाऱ्याला पक्षी : पहिल्या श्रेणीला करकोच्याच्या जातीचा क्रौंच, तिसरीला मोर, चौथीला रानहंस, आठवीला लावा. लष्करी अधिकाऱ्याला पशू : दुसरीला सिंह, चौथीला वाघ. संग्रहालयात असा चौकोन दिसला तर उभी शिवण बघा. छिंग काळातला अंगरखा पुढून उघडा असे, म्हणून छातीवरचा चौकोन मधोमध दोन तुकड्यांत, पाठीवरचा अखंड. त्याआधीच्या मिंग घराण्याच्या काळात पुढचाही अखंड आणि आकाराने मोठा. एकटा अखंड तुकडा पाहून ‘मिंग’ ठरवणं इथेच फसतं, कारण तो छिंग काळातल्या पाठीवरचाही असू शकतो.

उत्तर
भाषेचं राहिलं. अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, नातलगांची भीड पडू नये म्हणून. कँटनचा माणूस शान्तुंगला गेला की तिथली बोली त्याला कळत नसे. म्हणून अधिकाऱ्यांची आपसातली भाषा तयार झाली, ‘क्वान-ह्वा’, शब्दशः अधिकाऱ्यांची बोली. पोर्तुगीजांनी तिलाही मँडरिनच म्हटलं. फूच्येन आणि क्वांगतुंग या दक्षिणेकडच्या प्रांतांतल्या अधिकाऱ्यांचं बोलणं दरबारात समजत नाही म्हणून युंगचंग बादशहाने १७२८ मध्ये तिथे ही भाषा शिकवायचा हुकूम काढला. त्यामुळे छिंग काळावर लिहिताना ‘क्वान-ह्वा’ लिहा. आजच्या चीनची प्रमाण भाषा ‘फुथुंगह्वा’ हिच्यातूनच आली असली, तरी ते नाव मागच्या शतकांना लावू नका.