काळ्या मातीत कोईचं तळं: वीटबांधकाम की शेततळ्याचा कागद?

गंगापूररोडकर
बंगल्यामागे 12 फूट लांब, 8 फूट रुंद, 4 फूट खोल तळं करायचं आहे. वर अडीच फूट काळी माती, खाली मुरूम. गवंडी म्हणतो, नऊ इंची वीट, गिलावा आणि वॉटरप्रूफिंग पुरे. शेततळ्याची कामं करणाऱ्याने 500 मायक्रॉनचा कागद (म्हणजे प्लास्टिकचं अस्तर) सुचवलाय. तळाशी तासाला 5,000 लिटरचा सबमर्सिबल (पाण्यात बुडणारा) पंप ठेवून पाणी वरच्या फिल्टरच्या पेटीत, तिथून धबधबा. कोई (रंगीत शोभेचे मासे) 15-20. काय चुकतंय?

मुरूमवाला
वीट हवी, पण पाणी अडवायला नाही. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसात फुगते, त्यामुळे वरच्या अडीच फुटांत नुसत्या गिलाव्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तडा जातोच. खड्डा चारी बाजूंनी फूटभर जास्त घ्या, भिंत आणि माती यांच्यामध्ये मुरूम भरून कुटा, भिंतीवर आरसीसीचा पट्टा फिरवा. आत कागद. भिंत माती पेलेल आणि घुशीला अडवेल, पाणी कागद अडवेल. घुशीने पोखरलेली शेततळी आपल्याकडे कमी नाहीत.

कागदाचं माप: लांबी अधिक दुप्पट खोली अधिक 3 फूट, म्हणजे 23 फूट. रुंदीला तसंच, 19 फूट. पण 500 मायक्रॉनचा एचडीपीई (शेततळ्याचं प्लास्टिक) ताठ असतो. कोपऱ्यात दुमडलात तर घडीवरच फाटतो, म्हणून गरम वेल्डिंगने पेटीच्या आकारात शिवून घ्या. 1 मिमी ईपीडीएम रबर (लवचिक रबरी अस्तर) महाग, पण घड्या झेलतं. खाली 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम) जिओटेक्स्टाइल, म्हणजे कागदाखालचं जाड कापड, हवंच.

कड जमिनीपेक्षा 9 इंच वर ठेवा, नाहीतर जुलैत अंगणातला चिखल थेट आत. आणि भर पावसाळ्यात तळं रिकामं करू नका. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने कागद फुग्यासारखा वर येतो.

पाईप_आणि_पाणी
खरी चूक पंपाच्या जागेत आहे. तळाशी ठेवलेला पंप विष्ठा ओढून तिचा लगदा करतो, आणि तो लगदा फिल्टरच्या कुठल्याच मॅटमध्ये (जाळीदार गादीत) अडकत नाही. पंप सगळ्यात शेवटी घ्या.

तळाला मध्याकडे उतार देऊन 110 मिमीचा बॉटम ड्रेन (तळातून पाणी बाहेर नेणारं तोंड) बसवा. पाईप कागद घालण्याआधी टाकून काँक्रीटमध्ये गाडायचा. ड्रेनच्या तोंडाशी सिलिकॉनवर विसंबू नका, एचडीपीईला ते धरत नाही. रबर गॅस्केट आणि स्टीलच्या स्क्रूंनी आवळलेली फ्लँजच (कागद दाबून धरणारी कडी) पाणी अडवते. पाईप बाहेर पहिल्या टाकीत उघडतो, तिथे गाळ बसतो. दुसऱ्यात ब्रश आणि मॅट, तिसऱ्यात मीडिया (जिवाणू ज्यावर वाढतात ते भरण), मग पंप. मीडिया भरायला कांद्याच्या जाळीच्या गोण्या उत्तम.

टाक्यांतलं पाणी तळ्याच्याच पातळीला राहतं, म्हणून टाक्यांच्या कडा तळ्याच्या कडेशी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) जुळवा. इथे दोन इंच चुकलं तर टाकी ओसंडते.

तुमचं तळं सुमारे 10,800 लिटरचं. तासाला एकदा सगळं पाणी फिरावं, म्हणजे 10,000 लिटरच्या आसपास. 110 मिमीला तेवढं झेपतं. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, तुमच्या धबधब्याच्या उंचीला पंप किती देतो ते तक्त्यात बघा.

खंड्या_दक्ष
20 कोई विसरा. आज चार इंची दिसणारा मासा दोन फुटांचा होतो. माशी हजार-बाराशे लिटर धरले तर आठ-दहा. सुरुवात चारनेच करा, कारण नव्या फिल्टरमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू स्थिरावायला चार ते आठ आठवडे लागतात.

त्यात उघडं सिमेंट असेल तर आणखी वाईट, चुन्यामुळे पीएच (पाण्याची आम्लता-अल्कता मोजणारा आकडा) चढतो. 30 अंशांना पीएच 7.5 असेल तर एकूण अमोनियापैकी अडीच टक्केच विषारी रूपात असतो, 8.5 झाला की 20 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे टेस्ट किट तोच आकडा दाखवेल आणि मासे मरतील. म्हणून पीएच आणि अमोनिया एकत्रच मोजा.

गंगापूररोडकर
पाणी महापालिकेचं. क्लोरीन? आणि दुपारी वीज गेली तर?

पाईप_आणि_पाणी
सोडियम थायोसल्फेट. 10,000 लिटरमध्ये 1 पीपीएम (लिटरमागे 1 मिलिग्रॅम) क्लोरीन मारायला 70 ग्रॅम पुरतं. नुसती भर घालताना तेवढ्या नव्या पाण्यापुरताच हिशोब करा.

विजेचा प्रश्न उन्हाळ्यात गंभीर. 20 अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 ला साडेसात. मुख्य पंप इन्व्हर्टरवर ओढू नका, 35 वॅटचा एअर पंप जोडा, घरच्या 150 एएच बॅटरीवर रात्रभर चालतो. एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तळ्यावर 50 टक्क्यांची शेडनेट.

खंड्या_दक्ष
पावसाचं पाणी मऊ, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये केएच (पीएच स्थिर ठेवणारे पाण्यातले क्षार) घसरतो आणि मागोमाग पीएच कोसळतो. एक अंश केएच वाढवायला तुमच्या तळ्याला 300 ग्रॅम खायचा सोडा, विरघळवून, दोन दिवसांत विभागून. नायट्राइट (जिवाणूंनी अमोनियापासून केलेलं, तेही विषारी) दिसलं तर खाणं बंद, थोडं पाणी बदला, आणि हजार लिटरला एक किलो खडे मीठ.

भिंती उभ्याच ठेवा. उतरती कड केलीत तर ढोकरी पाण्यात पाय रोवून उभी राहते आणि लहान मासे टिपते. खंड्या वरून सूर मारतो, त्याला जाळीच.