हातची चव: पुण्यातल्या घरांतले पदार्थ आणि ते शिकवणारी माणसं (अनुभव धागा)

आपल्याकडे कृती विचारली की "अंदाजाने घालायचं" एवढंच उत्तर मिळतं. तो अंदाज ज्यांच्या हातात होता ती माणसं आता थकली आहेत. त्यांचं पाहून शिकलेलं सगळं कुठेतरी उतरवून ठेवायला हवं असं मला फार वाटतं, म्हणून हा धागा. पदार्थ कोणाच्या हातचा, कुठल्या घरातला, आणि तो हात नेमकं काय करत होता, तेही लिहा.

सुरुवात मी करते, पंगतीतल्या अळूच्या भाजीने. आत्याने शिकवली. अळू चिरताना हाताला चिंचेचा कोळ चोळायचा. पानांत कॅल्शियम ऑक्सलेटचे टोकदार बारीक स्फटिक असतात, खाज त्यांचीच. देठ सोलून घ्यायचे, बरोबर आंबट चुका घालायचा. हरभऱ्याची डाळ नि शेंगदाणे आधी भिजवलेले. शिजलं की घोटून बेसन लावायचं, मग चिंच-गूळ, मुळ्याच्या चकत्या, खोबऱ्याचे काप. आत्याची खूण अशी: पळीतून धार तुटता कामा नये, आणि पानात वाढल्यावर भाजी भाताकडे वाहत जाता कामा नये.

शनिवार पेठ

आमच्याकडे उन्हाळ्यात गोड्या मसाल्याचा दिवस असायचा. सामान रविवार पेठेतून यायचं. दगडफूल निवडायचं काम आम्हा मुलांकडे. त्यात सालीचे तुकडे आणि बारीक खडे निघत. आई प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायची. धण्यांना वेळ लागतो, तीळ लगेच तडतडतात, दगडफुलाला तेलात क्षणभर पुरे. एकत्र भाजलं तर तीळ करपतात आणि धणे कच्चे राहतात. तीळ-खोबरं कुटायला सगळ्यात शेवटी, कारण त्यांना तेल सुटतं. डब्यात मसाला दाबून भरायचा आणि मध्ये हिंगाचा खडा पुरायचा. आमटीला आमसूल, गूळ आणि हा मसाला, बाकी काही नाही. त्या आमटीत लसूण घातलेला मला आजही सोसत नाही.

नारायण पेठेत वाढलो, आता सिंहगड रस्ता

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी शाळकरी होतो. आमच्या वाड्यात पाणी शिरलं आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी भवानी पेठेत मामीकडे गेलो. तिथे आणखीही दोन बिऱ्हाडं येऊन राहिली होती. मामीने त्या दिवसांत जे पिठलं केलं ते मी तिच्या शेजारी उभा राहून पाहिलं आहे. लसूण-मिरची ठेचून फोडणीत, त्यावर पाणी, आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यावर डाव्या हाताने पीठ भुरभुरायचं, उजव्या हातातली रवी थांबवायची नाही. गुठळी झालेली मला आठवत नाही. माणसं वाढली की ती पाणी वाढवायची, पीठ तेवढंच. पण मीठ-मिरची त्या वाढलेल्या पाण्याच्या हिशेबाने घालायची, म्हणून पातळ असूनही पिठलं बेचव लागलं नाही. खडकवासल्याचं धरणही फुटल्यामुळे नळाचं पाणी गेलं होतं. विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून, उकळून घ्यावं लागे, आणि चुलीवर त्या पातेल्याचा मान पहिला.

घरी परतलो तेव्हा गहू फुगून आंबले होते, डाळींना चिखलाचा वास. आईने मन घट्ट करून सगळं टाकलं. घट्ट झाकणाच्या पितळी डब्यातलं मेतकूट तेवढं वाचलं होतं. गुरगुट्या भात, ते मेतकूट आणि मामीने दिलेलं तूप, हे परतल्यानंतरचं पहिलं जेवण.

कोथरूड

काका, तुमच्या मामींचं पिठलं आज रात्री करणार आहे. रवी आहे घरात.

हडपसर, मूळ गाव धाराशिवकडे

आम्ही भाकरीची माणसं. 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिलो आला, परदेशी लाल ज्वारी. आई सांगायची, दुष्काळी कामावर खडी फोडून यायचं आणि ते पीठ मळायला घ्यायचं तर थापताना चिरा पडायच्या. तिने उकळत्या पाण्यात थोडं पीठ शिजवून त्या उकडीत बाकीचं मळायला सुरुवात केली, मग भाकरी धरू लागली. कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, ती मुलांसाठी पदरात बांधून आणायची.

आता मार्केटयार्डातून चांगली मालदांडी ज्वारी मिळते, पण पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जातेच. तेव्हा आईची उकड कामाला येते. ताज्या पिठाला कोमट पाणी पुरतं. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, आणि ते सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर पापुद्रा सुटत नाही. माझ्या सुनेला हे जमलं त्या दिवशी मला फार आनंद झाला.

पौड रस्ता, मूळचे मुळशीचे

आजी आजारी माणसाला आंबेमोहोराची पेज द्यायची. मुळशीच्या आंबेमोहोराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी खाचरात तो कमीच दिसतो. रोप उंच, पावसावाऱ्यात लोळतं, उतारा कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेली इंद्रायणी आंबेमोहोराच्याच संकरातली, आणि उताऱ्याला चांगली, म्हणून शेतकरी तिकडे वळले. त्यांना दोष नाही. इंद्रायणी मलाही आवडते, पण पेजेला आंबेमोहोरच हवा. तांदूळ भरडसर कुटायचा, भरपूर पाणी, मंद आच, मीठ आणि शेवटी जिऱ्याची पूड. घेताना दुकानदाराला तांदूळ नवा की जुना हे जरूर विचारा. भाताला जुना घ्या, पेजेला नवा, कारण नवा लवकर विरघळतो.