वादी बनी औफचा ट्रॅक पहिल्यांदाच करतोय, वरून उतरू की खालून चढू?

वाळूवाला

नमस्कार मंडळी, ओमानमध्ये राहणाऱ्या किंवा हजर पर्वतात गाडी घातलेल्या लोकांना विचारायचंय. मला मस्कतला येऊन दोन वर्षं झाली, वाळूत भरपूर वेळा गेलोय, वाहिबाच्या वाळवंटात रुतलो पण आणि बाहेर पण निघालो, त्यामुळे वाळूची आता भीती वाटत नाही. पण दगडाधोंड्याचा डोंगरी ट्रॅक एकदाही केलेला नाही. या हिवाळ्यात अल हमरावरून शरफत अल अलमैन (कड्यावरचा वरचा पॉइंट), तिथून खाली हाट, बिलाद सैत ही गावं आणि मग वादी बनी औफमधून (वादी म्हणजे एरवी कोरडं असणारं डोंगरी नदीपात्र) अल अवाबीला बाहेर, असं डोक्यात आहे. वरच्या पॉइंटपर्यंत दोनदा जाऊन आलोय, तिथून खाली बघितलं की तो रस्ता कड्याला दोरा चिकटवल्यासारखा दिसतो, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वेळा तिथूनच परत फिरलो.

गाडी प्राडो आहे, ऑटोमॅटिक, टायर कंपनीतून आलेलेच. सोबत बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. वरून खाली उतरणं सोपं पडेल असं मला वाटतंय, इंजिनावर ताण नाही म्हणून. बरोबर आहे का? टायरची हवा वाळूसारखी १५ पीएसआयवर आणायची का? आणि एकटी गाडी नेली तर चालेल का?

घाटवाट

दादा, पहिल्यांदा जाताय तर खालून वर चढा. उतरणं सोपं असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं, पण अशा ट्रॅकवर गाडी चढताना नाही, उतरताना हाताबाहेर जाते. चढताना पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते, उतरताना मात्र प्रत्येक चूक उतार आणखी वाढवतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अवाबीकडून आत शिरलात की सुरुवातीला वादीतला रस्ता आहे, दोन्ही बाजूला उंच कडे, पण गाडीला जागा असते, हात बसतो, अंदाज येतो. डोंगरात एके ठिकाणी चक्क फुटबॉलचं मैदान लागतं, तिथं थांबून मुलीला जरा पळू द्या. बिलाद सैतपर्यंत गेल्यावर नको वाटलं तर सरळ मागे फिरता येतं. खरा उभा भाग हाटच्या पुढे आहे. वरून आलात तर तोच भाग पहिल्या अर्ध्या तासात अंगावर येतो, आणि नको वाटलं तरी परत जायला तोच चढावा लागतो.

२०१८ ला आम्ही दोन गाड्या घेऊन वरून उतरत होतो. पुढच्या गाडीतला मित्र डी म्हणजे साध्या ड्राइव्ह गिअरमध्येच होता, फक्त ब्रेकवर. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर मला काच बंद असूनही जळका वास यायला लागला, आधी वाटलं माझ्याच गाडीचा. मग बघितलं तर त्याचे ब्रेकचे लाल दिवे विझतच नव्हते. जरा सपाट जागा आली तिथं त्याला थांबवलं. तो म्हणाला पेडल पार तळाला चाललंय. ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफ होते आणि वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल दाबलं तरी जोर चाकापर्यंत पोचतच नाही. पाऊण तास नुसते बसून राहिलो, चाकाजवळ हात नेला तरी धग लागत होती. मग फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू, जोरदार गिअर), पहिला गिअर, आणि बैलगाडीच्या वेगाने खाली.

तेव्हा फोर लो कधी, हे आधी पक्कं करा. उतार किंवा चढ सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर, गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये टाकून. अर्ध्या उतारावर न्यूट्रल करायची वेळ आणू नका. प्राडोत फोर लो टाकलं की गिअरिंग साधारण अडीच पट खाली येतं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि पायाला काम फक्त वळणापुरतं. सैल खडीवर जोरात ब्रेक मारला तर एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) पेडल थरथरवतं आणि गाडी उलट लांब जाऊन थांबते, हेही लक्षात असू द्या.

कडेकपारी

घाटवाट यांच्याशी बहुतांशी सहमत पण एक बाजू राहिली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि अवाबीकडून वर जाताना तुमचं तोंडही दक्षिणेलाच असतं. काचेवर धूळ, समोर ऊन, आणि वळण घेताना बॉनेटच्या पुढे नुसतं आभाळ, रस्ता दिसतच नाही. माझ्या मिस्टरांनी अशा एका वळणावर गाडी थांबवली आणि मी उतरून पुढे चालत गेले, वळण डावीकडे आहे की उजवीकडे ते हाताने दाखवलं, मग गाडी पुढे आली. यात कमीपणा काहीच नाही. काच आतून पण पुसून घ्या, चमक आतल्या धुरकटपणाने जास्त होते.

अजून एक, आपण भारतात उजवीकडे बसून गाडी शिकलोय. इथं डावीकडे बसतो, शहरात सवय झाली तरी उजवं पुढचं चाक नक्की कुठे आहे ते अशा ठिकाणी कळत नाही. जाण्याआधी मोकळ्या जागेत एक दगड ठेवून उजवं चाक बरोबर त्यावर चढवायची प्रॅक्टिस करा, दहा वेळा. मी याच पद्धतीने शिकले आणि मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. मोठा दगड समोर आला तर तो दोन चाकांच्या मधे घ्यायचा मोह होतो, पण चाक दगडावर घातलं तर गाडी उचलली जाते, मधे घेतला तर तो पोटाला लागतो.

वाळूवाला

बापरे, उतरण्याबद्दल मी बरोबर उलटा विचार करत होतो. खालून वर नक्की. हवेचं कोणीतरी सांगा प्लीज, १५ चालेल ना? आणि चढताना मधेच गाडी थांबली, चाकं नुसती फिरायला लागली तर काय करायचं?

स्टेपनी

१५ अजिबात नको!! वाळूत हवा कमी करतो कारण टायर पसरून गाडी वर तरंगली पाहिजे. इथं खाली चुनखडीचा दगड आहे, फुटला की धार चाकूसारखी. एवढी कमी हवा असली की टायरची बाजू फुगून बाहेर येते आणि नेमकी तीच दगडाला घासते, शिवाय धक्का बसला की रिम आणि दगडाच्या मधे टायर चिमटतो. ३५ वरून २६-२८ पर्यंत आणा, बास. खडीवर पकड पण मिळते आणि पाठ पण वाचते. हवा सकाळी टायर थंड असताना मोजा, चालून तापल्यावर आकडा वर जातो आणि अंदाज चुकतो.

माझा मागचा डावा टायर बिलाद सैतच्या अलीकडे गेला. आवाज फुस्स असा नाही, तर कोणी सावकाश श्वास सोडावा तसा. उतरून बघतोय तर साइडवॉलला दोन बोटं रुंद चीर, आत दोरे दिसत होते. पंक्चरचं किट होतं पण साइडवॉलला प्लग चालत नाही, तो फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागासाठी. जॅक लावला तर तो खडीत घुसायला लागला, गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खाली. शेवटी फ्लोअर मॅटची घडी घालून वर सपाट दगड ठेवला, पुढच्या चाकांना दगड लावले तेव्हा कुठे काम झालं. तेव्हापासून जाड लाकडी फळीचा तुकडा गाडीतच असतो. स्टेपनी घरी एकदा स्वतःच्या हाताने काढून परत बसवून बघा, तिच्यात हवा आहे का तेही बघा. एक स्टेपनी वापरली की तिथून पुढे तुमच्याकडे स्टेपनी नाही, त्यामुळे गाडी एकटी नको या मताचा मी आहे. आणि डांबरीवर आल्यावर कॉम्प्रेसरने हवा परत ३५ करा, कमी हवेवर शंभरच्या स्पीडने टायर तापून फाटतो.

चढावर अडकलात तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाकं खड्डा करतात. गाडी वळवायचा तर विचारही नको, आडवी झाली की कलंडते. रिव्हर्स टाका, फोर लो मध्येच, आणि सरळ मागे या, इंजिनाच्या जोरावर. मग दुसऱ्या ओळीने परत चढा. ओढायची वेळ आली तर दोर टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) कधीच बांधू नका, तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. चासीचा, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याचा हुक असतो, दोर त्यालाच.

आभाळ

सगळ्यांनी गाडीवर लिहिलंय, मी पावसावर लिहितो कारण माझ्या मते या ट्रॅकवरचा मोठा धोका तोच आहे. तुमच्या डोक्यावर आभाळ निळंभोर असतं आणि पाऊस मागच्या डोंगरावर पडत असतो. उघडा कातळ, माती नाही, झाडं नाहीत, पाणी मुरायला जागाच नाही, सगळं एकदम वादीत येतं. आम्ही एकदा अवाबीच्या बाजूला उभे होतो, आधी वारा गार झाला, मग लांबून ट्रक खडी ओतत असल्यासारखा आवाज. काठावर चढेपर्यंत कोरड्या वाळूत गढूळ पाण्याची जीभ पुढे सरकत आली, पुढे काटक्या आणि फेस. दहा मिनिटांत आमच्या चाकांच्या खुणा होत्या तिथं गाडी बुडेल एवढं पाणी.

फूटभर वाहतं पाणी लहान गाडी तरंगवू शकतं, दोन फुटात प्राडो पण जाते. वाहती वादी ओलांडणं इथं गुन्हा पण आहे. अंदाजात पावसाचं नाव जरी असलं तरी दिवस बदला. पूर येऊन गेला की ट्रॅकही बदलतो, ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) फिरेपर्यंत गुडघाभर घळी पडलेल्या असतात, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करा. कड्यांच्या मधे फोनला रेंज नसते, घरी कोणाला तरी बाहेर पडायची वेळ सांगून ठेवा, तुम्ही नाही आलात तर त्यांनी ९९९९ ला फोन करायचा. पाणी माणशी पाच लिटर तरी. आणि गाडी भाड्याची असेल तर इन्शुरन्सचा कागद नीट वाचा, बऱ्याच ठिकाणी कच्च्या रस्त्यावरचं नुकसान त्यात धरत नाहीत.

वाळूवाला

खूप आभार सगळ्यांचे. गाडी स्वतःचीच आहे. ऑफिसमधला एकजण जिम्नी (छोटी फोर बाय फोर) घेऊन यायला तयार झालाय, म्हणजे दोन गाड्या. पुढे कोण असावं? आणि समोरून गाडी आली तर मागे कोणी जायचं?

घाटवाट

जिम्नी पुढे. अरुंद आणि हलकी, तिला जागा मिळाली नाही तर प्राडोला मिळणारच नाही, आणि ती अडकली तर प्राडो तिला सहज ओढेल. उभ्या चढावर दोघं एकदम चढू नका, जिम्नी वर पोचून थांबली की मग तुम्ही निघा, नाहीतर ती मागे घसरली तर तुमच्याच बॉनेटवर.

समोरून कोणी आलं तर चढणाऱ्याला वाट द्यायची हा नियम, म्हणजे बहुतेक वेळा ती तुम्हाला मिळेल. पण रुंद जागा तुमच्या जवळ असेल तर तुम्हीच मागे या. तेव्हा बायकोला खाली उतरवा, दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला उभं करा, आणि फक्त तिच्या हाताकडे बघून गाडी मागे घ्या. सकाळी सातला अवाबीला असाल तर दुपारी दोनपर्यंत वरच्या पॉइंटवर पोचाल, थांबत थांबत. तिथं या दिवसांत गार वारा असतो, मुलीला स्वेटर घ्या.